बिबड्यांचा तास

आबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी वाद घालायला मला कुणाची परवानगी लागू नये. म्हणून लिहायला बसले आहे. मागच्या महिन्यात माझ्या शाळेत जे झालं ते तुम्हाला अजिबात आवडलं नसतं. तरी ते तुम्हालाच सांगायचं आहे, कारण त्याची सुरुवात तुमच्या वर्गात झाली होती.

अमळनेरकडची आपली ती दोन खोल्यांची शाळा. तुम्ही हेडमास्तर, तिसरी-चौथी तुमच्याकडे, आणि मी तिसरीत. शाळेत तुम्हाला गुरुजी म्हणायचं, घरी आबा. गणिताचा तास चालू आहे. बांधावर ठरावीक अंतराने झाडं लावायची तर किती लागतील, असं उदाहरण आहे. मी वहीत आधी बांध काढते, त्यावर एकेक निंब काढते, मोजते आणि खाली उत्तर लिहिते. उत्तर बरोबर आहे. तुम्ही वही उचलता, चित्रावर लाल पेनाने आडवी रेघ मारता आणि विचारता, "हे काय आहे?" मी म्हणते, "गुरुजी, निंबना झाड शे." वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. "शे नाही, आहे. आणि गणिताच्या वहीत गणित असतं. चित्रकलेचा तास शनिवारी." मग घंटा होईपर्यंत मला व्हरांड्यात उभं केलंत. संध्याकाळी आई भाकरी थापता थापता तुम्हाला म्हणाली, एवढ्याशा पोरीला कशाला उभं केलं. तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणालात, "शाळामा ती मनी पोर नही." शाळेत मी तुमची पोर नाही, हे मला लागलं, पण त्याहून जास्त लक्षात राहिलं ते हे, की ज्या अहिराणी बोलीसाठी मला बाहेर काढलं होतं त्याच बोलीत तुम्ही घरी उत्तर देत होता.

कारण मला फार उशिरा कळलं. मी नोकरीवर हजर व्हायला निघाले त्या सकाळी तुम्ही हातातलं घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलंत आणि म्हणालात, "एका तासात दुसरा तास घुसू देऊ नको." मग, मी न विचारता, धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजातली गोष्ट सांगितलीत. तुमच्या पहिल्याच सराव पाठात तोंडून 'शे' निघून गेला आणि परीक्षकांनी तो शब्द तुमच्याकडून सगळ्या बॅचसमोर पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. सांगताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. त्या दिवशी तुमचा राग पहिल्यांदा समजला मला. शाळेच्या फाटकात शिरताना तुम्ही घरचं सगळं बाहेर काढून ठेवत होता, आणि आम्हालाही तेच करायला लावत होता. समजलं, आबा. पण पटलं नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही. तुमचं ते दुखणं माझ्या वर्गातल्या पोरांच्या वाट्याला मी येऊ देणार नाही.

आता माझी शाळा धुळे तालुक्यात आहे, रोज स्कूटीवर जाते. चौथीचा वर्ग माझा. त्यात एक मुलगी आहे, जूनपासून माझ्या कुठल्याही प्रश्नाला तिने तोंड उघडलं नव्हतं. पुस्तक समोर धरलं की मान खाली. मधल्या सुट्टीत मात्र तिचाच आवाज सगळ्यांत मोठा. एकदा मी तिच्या घराशेजारून जात होते, तर ती बाजेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांजवळ, आपल्या बिबड्यांजवळ, कोंबड्या हाकलत बसलेली. मी थांबले तर तिने पिठाचा घाटा कसा शिजवतात, कापड किती ओलं हवं, कोणत्या बिबड्या आधी सुटतात, हे सगळं मला सांगितलं, एकही अडखळण नाही. तिथेच ठरवलं की पुढचा पाठ बिबड्यांचा.

आईला बोलावलं. हो, तीच आई, जिने तुमच्या शाळेच्या आवारात आयुष्यात पाऊल टाकलं नाही. ती पटांगणात खुर्चीवर बसली आणि इकडेतिकडे बघून मला म्हणाली, "तुना बाप ऱ्हाता ते माले आठे येऊ देता का?" मी तिच्यापुढे ओलं कापड अंथरलं. मुलांच्या आयांनी ज्वारीचा घाटा शिजवून आणला होता. मुलींनी आणि मुलग्यांनीही ओल्या कापडावर बिबड्या थापल्या, आणि अर्धा घाटा तेल ओतून खाऊनच टाकला. मग काम सुरू झालं. दोऱ्याने प्रत्येक बिबडीची कड मोजायची, मधून आडवं अंतर मोजायचं. पट्टीवर माप बघून वहीत लिहायचं, बाजूला तिचं चित्र काढायचं. बाजांची सावली खडूने आखायची आणि तासाभराने पुन्हा बघायची. बिबड्या करण्याची कृती आधी अहिराणीत सांगायची, मग प्रमाण मराठीत लिहायची. कुठला तास कुठे संपला ते मला सांगता आलं नसतं. तुमचं घड्याळ हातावर होतं, मी ते पाहिलं नाही.

दुपारी एका मुलाचे वडील आले, गावात त्यांचं खताचं दुकान आहे. मोटरसायकल उभी करून तिथूनच म्हणाले, "मॅडम, मना पोऱ्या शाळामा बिबड्या कराले येस का?" मी त्यांना वह्या दाखवल्या. त्यांनी पाहिल्या नाहीत. "शेजारना पोरं इंग्रजी बोलतंस, नि आमनं घाटा ढवळस," म्हणाले आणि मुलाला घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत तक्रार वर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब आले. तेव्हा आम्ही वाळलेल्या बिबड्या पुन्हा मोजत होतो. त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं, मग मला विचारलं, "आत्ता कोणता तास चालू आहे?"

"गणित, परिसर अभ्यास, भाषा आणि चित्रकला," मी म्हटलं.

"एका वेळी?"

"बिबडी एकच आहे, साहेब."

त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी मुलांना प्रश्न विचारले. परीघ म्हणजे काय, हे कुणालाच सांगता आलं नाही. बाष्पीभवन हा शब्दही अडला. मग त्यांनी हातातली बिबडी वर धरली आणि विचारलं, "मग हे मोजून काय समजलं तुम्हाला?" कोपऱ्यातून तीच मुलगी उठली. हातात दोरा होता. म्हणाली, "मोठी ऱ्हावो का धाकली, मझारना दोरा कडवर तीनदाव जास, नि कड जराशी उरस." मधल्या आडव्या अंतराचा दोरा कुठल्याही बिबडीच्या कडेवर तीनदा बसतो आणि थोडी कड उरते, हे तिने शोधलं होतं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "शुद्ध भाषेत बोल, बाळ." तिची मान खाली जायला लागली. ती मान कशी खाली जाते ते मला माहीत आहे, आबा, आतून माहीत आहे. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, तिला तिच्या भाषेत पूर्ण बोलू द्या. नंतर तीच तुम्हाला मराठीत लिहून दाखवेल. पण आत्ता थांबवू नका." साहेब तिच्याकडे वळून म्हणाले, "बरं, बोल."

ती बोलली. बिबड्या वाळून आकसल्या कशा, पाणी कुठे गेलं, "ऊनमा उडी गयं", आणि सावलीतली बाज मागे का राहिली. वाळलेल्या बिबडीवरही दोरा तीनदाच जातो, हे तिने साहेबांना त्यांच्याच हातातल्या बिबडीवर करून दाखवलं. त्यांनी बिबडी तिच्या हातात परत दिली. जाताना शेरा मात्र लिहिला, वेळापत्रकाचे पालन होत नाही, लेखी खुलासा द्यावा. त्यांचा मला राग नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

खुलाशात मी लिहिलं की सगळे विषय शिकवले आहेत, मुलांच्या वह्या जोडल्या आहेत, आणि असे पाठ यापुढेही घेईन. सोबतच्या सरांनी शेवटची ओळ काढायला सांगितली. मी काढली नाही. अजून काही उत्तर आलेलं नाही. खतवाल्यांचा मुलगा आता पिवळ्या व्हॅनने धुळ्याच्या इंग्रजी शाळेत जातो, ते मला लागलं आहे, कारण त्याने सावलीचं चित्र सगळ्यांत चांगलं काढलं होतं. परीघ आणि बाष्पीभवन हे शब्दही मी मुलांकडून नंतर पक्के करून घेतले. तिथे मी कमी पडले होते. पण त्या मुलीने आता मराठीच्या तासालाही हात वर करायला सुरुवात केली आहे, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही गावातली पाण्याची टाकी मोजायला जाणार आहोत. नकाशा, लिटर, टाकी बांधणाऱ्या गवंड्याची मुलाखत, सगळं एकत्र. कुणी थांबवलं तरी जाणार.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं खरं लिहून टाकते. त्या दिवशी साहेबांसमोर माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. सगळे म्हणतात, मॅडमला भीती नाही. पण दारात साहेबांच्या जागी तुम्ही उभे असतात आणि वेळापत्रकाकडे बोट दाखवून काय चाललंय असं विचारलं असतंत, तर मी बिबड्या झाकल्या असत्या, मुलांना गणिताची वही काढायला सांगितली असती, आणि म्हटलं असतं, "हो गुरुजी."