वाईट बातमी आधी

प्रिय दादा,

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही. तरी लिहिते.

तू गेल्यावर ऑफिस बंद करायचे मी ठरवले होते. बेकरी, गॅरेज, लॉन्ड्री यांच्या कामगारांच्या पगारातून कर कापून तो भरायचे काम मला येते. पण माणसांशी बोलायचास तू. मी आतल्या खोलीत हिशेब करत तुमचे हसणे ऐकायची.

आज बेकरीतला भट्टीवाला आला. "एवढा कापला? कात्री गेली, पण धार मागे ठेवून गेली वाटतं!" असे म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

सगळे तुला कात्रीच म्हणायचे. तू मात्र प्रत्येकाला समोर बसवून कापलेली रक्कम आधी वाचून दाखवायचास. "वाईट बातमी आधी, म्हणजे हातात येईल ते गोड लागतं." स्वतःच्या आजाराची बातमी तेवढी शेवटी सांगितलीस.

मग तुझ्या खुर्चीत बसून मी कापलेल्या रकमेपासूनच वाचू लागले. हा सरकारचा कर, हे तुमच्या म्हातारपणासाठी. हातात येणारा पगार अगदी शेवटी सांगितला.

तो उठला. "पुढच्या महिन्यात जरा बेतानं कापा, कात्रीताई."

मी "बरं" म्हटले. म्हणजे पुढच्या महिन्यातही ऑफिस उघडायला हवे.

तुझी खुर्ची मला उंच होते, पाय जमिनीला टेकत नाहीत. पण ती खाली करावीशी वाटली नाही.

तुझी,
धाकटी