दुसरी डिस्क

४ जून
आले एकदाची! कंपालाची धूळ सुटली. फोर्ट पोर्टलजवळच्या टेकडीवरचं हे रेडिओ स्टेशन म्हणजे दोन खोल्या, एक मनोरा आणि दमेकरी कॉम्प्युटर. तो सांभाळायलाच मला घेतलंय. इथे प्रत्येकाला एक मानाचं टोपणनाव असतं, तेच हाकेला वापरतात; मी माझं सांगेपर्यंत मालक अरालींनी बसासुद्धा म्हटलं नाही. अद्येरी म्हटल्यावर मात्र थेट नाचणीचा गोळा आणि शेंगदाण्याची आमटी पुढ्यात आली. आईचं गाव बसने जवळच आहे. त्याचाच आनंद जास्त.

६ जून
डिस्क कुरकुरते आहे. गाणी, जाहिराती, मयताच्या सूचना, सगळं तिच्यावरच. दुपारी सूचना वाजली की लोक फावडी घेऊन निघतात. डिस्क बसली तर कुणाच्या मातीला जायचं तेच कळणार नाही. मी म्हटलं, दुसरी जोडू. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवर उमटेल. एक गेली तरी दुसरी काम निभावेल. अरालींनी कपाटातली जुनीच काढून दिली. अगं चालतीय की ती, टाकायची कशाला? शिवाय एक प्रत वेगळी ठेवू म्हटलं, तर म्हणाले, दोघी नांदतायत ना घरात, तिसरी कशाला आणतेस!

१२ जून
आज सूचनांमध्ये अपूली खाटकाचं नाव वाजलं. आवाज आमच्या निवेदिका अब्वोलीबाईंचा, पण त्या शपथेवर सांगतात की हे मी वाचलेलंच नाही. तेवढ्यात अपूली स्वतःच सुरा घेऊन हजर. मला मारणारे तुम्ही कोण? सासुरवाडीचे रडत आलेत, त्यांना जेवायला तुमचा बाप घालणार का? हसून हसून पोट दुखलं. त्याच्या भावांनी म्हणे खड्डाही खणून ठेवलाय.

१३ जून
अपूली गेला. दुकानात, बसल्या जागी.

१६ जून
आज शाळेच्या दाईबाई वाजल्या. धडधाकट होत्या. संध्याकाळी गेल्या.
त्या दोन्ही सूचना मी पुसल्या. पुन्हा आल्या. एकीवरून पुसावं तर दुसरी परत आणून ठेवते. एकही गोष्ट हरवू नये म्हणून मीच तर हे जोडलं. अराली स्टेशन बंद करायला तयार नाहीत. खऱ्या मयतांचं काय, म्हणतात. मला भीती वाटते आहे.

१८ जून
उद्याच्या सूचनांत अकीकी. माझी आई.
पुसलं. आलं. पुसलं —

१९ जून
दोन्ही डिस्क अंगणात दगडाने ठेचल्या. अराली किंचाळत होते, वेडी झालीस का गं. होऊ दे.

दुपार
समोरच्या चहावाल्याच्या रेडिओवर वाजलं. आईचं नाव. डिस्कच नाहीत, तर कशावरून —

आईचा फोन. हसत होती. अंगणात लोक जमलेत, केळीच्या बागेत खड्डा खणलाय. अगं, मी समोर उभी आहे आणि कुणी बघतच नाही माझ्याकडे. चहा दिला तर कप तसेच.
काकांना फोन केला. त्यांना आईचा आवाज ऐकू येत नाही, माझा येतो. खणलेला खड्डा रिकामा बुजवायचा नाही म्हणतात. मग मीच सांगितलं, प्रेत सापडलं नाही की आपण केळीचं खोड पुरतो ना, तसं पुरा. खड्ड्याचं भागेल, आई सुटेल. त्यांनी ऐकलं. देवा, ऐकलं.

बसमध्ये
आई फोनवर आहे. खोड प्रेतासारखं झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलंय. त्याला अकीकी, अकीकी म्हणून रडतायत, म्हणते. हसते आहे —

खोड खाली सोडलं —

गार वाटतंय म्हणते. मी अंगणातच उभी आहे गं, केळीत गेलेच नाही, मग तोंडात माती कुठून —

काका उचलत नाहीत. माती लोटू नका, काका, एकीवरचं दुसरीवर उम