राधिकाच्या नावावर गेलेली यादी

वॉशिंग्टन,
१९ मे

प्रिय शोभना,

हॉस्टेलच्या गच्चीवर आपण दोघी ओला युनिफॉर्म दोन टोकांनी धरून पिळायचो, आठवतं? एकदा हसता हसता तुझ्या हातून टोक सुटलं आणि माझा स्कर्ट खाली सिस्टर बेनेडिक्टांच्या कोबीच्या वाफ्यात पडला. इथे मशीन पिळून देतं. समोर कुणी लागत नाही.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. श्रीरामभावजींची साखर आटोक्यात आली, हे वाचून बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला. गुडघ्यांचं निमित्त सांगणार होते, पण पत्र लिहायला गुडघे लागत नाहीत.

दुसऱ्या पत्रात तू लिहिलंस, ‘तू होतीस म्हणून माझी भाची त्या शहरात तीन वर्षं टिकली.’ राधिका तुमच्याकडे शुगर लँडला आल्यापासून जेवते, पण बोलत नाही, असंही लिहिलंस. ते पत्र मी घडी घालून ठेवलं आणि बारा दिवस उघडलं नाही.

तिची नोकरी का गेली, हे तिने तुला नीट सांगितलं नसेल. मी सांगते.

आमच्या शहराचा बहुतेक खर्च इथल्याच लोकांच्या करातून निघतो. कौन्सिल बजेट मंजूर करतं, मेयरची सही होते, आणि तरी ते काँग्रेसपुढे जातं. तुझ्या टेक्सासचा खासदार आमच्या बजेटवर मत देतो. आमच्या प्रतिनिधीला तिथे शेवटचं मत देता येत नाही. त्या बजेटच्या ऑफिसात मी बावीस वर्षं काढली. यंदा मार्चमध्ये काँग्रेसने ऐन वर्षाच्या मध्यावर आम्हाला गेल्या वर्षीच्या आकड्याला बांधून टाकलं. पैसा आमचाच, पण हात लावायचा नाही. वेळ आलीच तर आधी काय बंद करायचं, याची यादी माझ्याच ऑफिसातल्या राधिकाला धरून आम्ही चौघांनी केली. ती बाहेर जायची नव्हती. यादी दिसली की ‘यांचं भागतंय की’ म्हणायला लोक मोकळे.

माझी प्रीता तिकडेच, काँग्रेसमधल्या एका खासदाराच्या ऑफिसात आहे. मेट्रोचे सहा स्टॉप. महिन्यातून एकदा येते, तेही फोनमध्ये डोकं घालून. माझ्या कामाबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं. मार्चमधल्या एका रविवारी विचारलं. मी वरणभात वाढत होते.

“सो आई, हू डिसाइड्स? आधी लायब्ररी की क्लिनिक?”

फोन तिने पालथा ठेवला होता. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. पुन्हा भात घेतला. पावणेदोन तास बसली, शोभना.

काँग्रेसपुढच्या एप्रिलच्या सुनावणीत तिच्या खासदारांनी तीच यादी त्याच क्रमाने वाचून दाखवली. लिस्ट तयार आहे, म्हणजे शहराचं चालू शकतं, म्हणाले. मी आमच्या साहेबांच्या मागे बसले होते, समोर खासदारांच्या मागे प्रीता. ती माझ्याकडे बघून किंचित हसली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवरून हसायची तशी.

नंतर फोनवर म्हणाली, “आई, यू नेव्हर सेड इट वॉज सीक्रेट.”

खरं आहे. सांगितलं असतं तर तिने लगेच विषय बदलला असता. तिने तो बदलू नये, म्हणून मी सांगितलं नाही.

यादी बाहेर कशी गेली, याची ऑफिसात चौकशी झाली. आकडे ताडून बघायला तिची एक प्रिंट घरी नेली होती, हे राधिकाने आपणहून सांगितलं. मग माझ्या टेबलाशी आली. “मावशी, सांगून टाकलं. तुम्हीच म्हणता ना, लपवलं की जास्त दिसतं.” मी म्हटलं, “बरं केलंस.” पंधरा मिनिटांनी मला आत बोलावलं, तेव्हा मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

शुक्रवारी तिला काढलं. व्हिसावरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात. त्यातले छत्तीस उरलेत. विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मी तिला धपाट्यांचा डबा दिला.

मी बोलले की प्रीताचं नाव येणार, आणि मग ती महिन्यातून एकदाही येणार नाही. एवढाच हिशेब मी करत राहिले. तुझी भाची तुझ्या घरी गप्प जेवत होती.

आज सकाळी साहेबांना सगळं लेखी दिलं. प्रीताचं नावही लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “शरयू, यू शुड हॅव टोल्ड मी इन एप्रिल.” राधिकाला परत घेऊ, असं म्हणाले नाहीत. तिच्या रेकॉर्डवरचा ठपका काढायला वकिलांशी बोलतो, म्हणाले.

आता सोबतच्या कागदांचं. निळ्या फोल्डरमध्ये माझ्या जबाबाची नोटरी केलेली प्रत आहे, ती राधिकाची. तिच्या व्हिसाच्या वकिलाला मिळाल्या दिवशीच पाठवायला सांग. बंद पाकीटही तिचंच, पण तिने मागितलं तरच दे. माफीचं पत्र कुणाच्या हातात कोंबू नये. तिचा थंडीचा कोट आणि कुकर वेगळ्या पार्सलने येताहेत. प्रीताची प्रत मी स्वतः तिच्या दारात जाऊन देईन. हे पत्र तुझं. श्रीरामभावजींनाही वाचून दाखव, माझी बाजू सांभाळून नको.

तुझी म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

शरयू