झेंडा उतरवायला कोण येतं

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यानंतरची पहिली सव्वीस जानेवारी परवा झाली. त्या दिवशी जे घडलं ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. आई म्हणाली असती, "तू फार विचार करतेस." म्हणून तुम्हाला लिहितेय.

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांनी आपापल्या फोटोभोवती तिरंगा लावला. मी नाही लावला. बी विंगमधली स्नेहा माझ्याच वर्गात आहे, आठवते ना? तिने सगळ्यांदेखत लिहिलं, "काय गं, तुझा प्रॉब्लेम काय आहे? देशाबद्दल काही वाटतं की नाही?" खाली बाकीच्यांचे हसरे चेहरे.

मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. मग संशय माझाच मला येऊ लागला. खरंच वाटतं का मला काही? की नुसती तुमच्या मागे मागे जायची सवय? दुपारी जेवण गेलं नाही.

चूक तुमचीही आहे. शाळेआधी अक्षरं तुम्ही शिकवलीत, आणि प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारायलाही तुम्हीच. पण थांबायचं कुठे, ते सांगितलंत का कधी?

सकाळी झेंडावंदनाला आपली मुलुंडची अख्खी सोसायटी होती. समोसे संपले, गर्दी पांगली. उतरवायला दरवर्षी आपण दोघंच. ऊन कलायला लागलं की तुम्ही दोरी सोडायचात, मी खाली झेलायचे. केशरी आणि हिरवा आत, पांढरा वर, चक्र मधोमध. ती घडी एकट्याने होत नाही.

यंदा खाली गेले तर स्नेहा खांबापाशी उभी, हातात मोबाईल. वाटलं, माझं चुकतंय का ते टिपायला आलीय.

"एकटी कशी करणार?" तिने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"खिडकीतून दिसायचात तुम्ही दोघं. मला कधी बोलावलं नाहीत."

मी दोरी सोडली. झेंडा भर्रकन खाली आला, एक कोपरा जमिनीकडे घसरला. माझ्या छातीत धस्स झालं. स्नेहा फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिने तो मांडीवर झेलला.

"हिरवा आत घे. तसा नाही, खालून."

"हळू ना यार, शिकतेय."

सकाळच्या मेसेजबद्दल ती शेवटपर्यंत बोलली नाही. ती का आली, अजून मला नक्की कळलेलं नाही. फोटोसाठी नसावी, कारण मोबाईल कट्ट्यावर पालथा पडला होता.

पण तो कोपरा घसरला तेव्हा मीही घाबरले, आबा. त्या क्षणी स्नेहा बघतेय हेही डोक्यात नव्हतं, आणि विचार करायला वेळही नव्हता. म्हणजे वाटतं मला काहीतरी. एवढा पुरावा तुम्हाला चालेल ना?

पंधरा ऑगस्टला संध्याकाळी मी खाली जाईन. आणि ती खिडकीत येऊन उभी राहायच्या आत तिला हाक मारीन.

अजूनही "कशावरून?" विचारणारी,
तुमची गार्गी