कापडात शिवलेली कॅसेट

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग पूर्वीसारख्याच चार-दोन ओळी मी गाळल्या असत्या. ती खोड मला लहानपणापासूनची आहे, तुला कधी कळलं नाही. अण्णा तेव्हा सैन्यात. कधी पंजाबात, कधी आसामात, कधी नुसतं बर्फात. त्यांच्या पत्त्यात गावाचं नावच नसायचं, फक्त आकडे असायचे. कंग्राळीच्या आपल्या स्वयंपाकघरात रविवारी तू भाकरी थापायचीस आणि मी उंबऱ्यावर निळं आंतरदेशीय पत्र घेऊन बसायची. "लिव गं," तू म्हणायचीस, "तेंस्नी म्हणावं, म्हशीला रेडकू झालंय, पर दूध लई कमी हाय. रताळी काढाय लागल्यात. तुज्या आज्जाचा गुडघा दुखतोय, पर सांगू नगा म्हटलंय त्येंनी, तवा ते लिवू नगं. न्हाय, लिव." मी लिहायची, 'रताळी काढली. सर्वजण ठीक आहेत.' मला खेळायला जायचं असायचं. "लिवलंस काय?" तू विचारायचीस. "व्हय," मी म्हणायची. इतकं सगळं बोलणं एवढ्याशा ओळीत कसं मावलं, याचं तुला कौतुक वाटायचं.

अण्णांशी तू सरळ कधी बोललीच नाहीस. ते सुट्टीवर आले तरी घरात आज्जा आणि चुलते असायचे, आणि सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलणारी बाई त्या वेळी आगाऊ ठरायची. मग तू मला मध्ये घालायचीस. "अण्णास्नी इचार, च्या ठेवू काय?" अण्णा चार हातांवर बसलेले. त्यांनाही ऐकू गेलेलं असायचं, तरी ते माझ्याकडं बघूनच म्हणायचे, "ठेव म्हणावं." माझ्याशिवाय तुम्हां दोघांचं पान हलत नव्हतं. मला मात्र त्याचा कंटाळा यायचा.

मी सातवीत असताना अण्णांनी टेपरेकॉर्डर आणला. कँटीनमधून दोन घेतले होते, एक घरी ठेवला, एक बरोबर नेला. पत्र लिहायची कटकट संपली, म्हणाले, आता आवाजच पाठवायचा. महिन्याभरात त्यांची पहिली कॅसेट आली आणि सगळं घर पुढच्या सोप्यात गोळा झालं. अण्णांनी आज्जाला नमस्कार सांगितला, मग चुलत्यांना, मग पिकाचं विचारलं, मग मला अभ्यास कर म्हणाले. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. तुझ्यासाठी त्या कॅसेटमध्ये 'घरात सगळ्यास्नी जपून ऱ्हावा म्हणावं' एवढंच होतं, आणि तेही मलाच सांगितलेलं.

उलट पाठवायच्या कॅसेटवर आज्जा असा ओरडून बोलला की पलीकडच्या गल्लीतली माणसं काय झालं म्हणून बघायला आली. चुलते बोलले, मी कविता म्हटली. मग टेप तुझ्यासमोर आणून ठेवला. तू पदर तोंडाला लावलास आणि मान हलवलीस. "समदं सांगितलं की तुमी. मी आनी काय बोलू?" सगळे हसले. मीही हसले. चारेक दिवसांनी तू भांडी घासताना हळूच म्हणालीस, "येक पत्र लिवतीस काय गं?" आणि मी काय म्हणाले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. "आता मशीन हाय की. तूच बोल. मी काय जन्मभर तुजी कारकून हाय व्हय?" तू पुढचं भांडं घासायला घेतलंस. तुझी पत्रं तिथं बंद झाली. घरात नवं यंत्र आलं आणि सगळ्यांना आवाज मिळाला, फक्त तुझा होता तेवढा गेला. हे मला आज दिसतं, त्या वयात दिसलं नाही असं म्हणून मी सुटू शकत नाही, कारण थोडं दिसलं होतं.

त्याच वर्षी, उन्हाळ्याआधी, आम्ही सगळे येळ्ळूरला आत्याकडं जेवायला गेलो होतो. म्हैस व्यायला झाली होती म्हणून तू एकटी मागं राहिलीस. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघताना तू माझ्या हातात एक पुडकं ठेवलंस. आज्जाच्या जुन्या धोतराच्या कापडात चारी बाजूंनी शिवलेलं, टाके इतके बारीक की दोरा दिसू नये. "तेंचा पत्ता घाल. कॅम्पातल्या पोस्टात टाक. घरात कुणाला बोलू नगं." आत काय आहे हे हाताला कळत होतं. माझी शाळा शहरातल्या कॅम्पातच होती, पोस्ट शाळेच्या वाटेवर. मी पत्ता घातला. पोस्टाच्या दारापर्यंत गेलेही. पण तू टेपसमोर एकटी बसून बोललीस, हे मला खरंच वाटत नव्हतं. तुझा आवाज त्या डब्यात कसा येतो, तो ऐकायचाच होता. मी पुडकं दप्तरात घालून परत आणलं. शनिवारी शाळा लवकर सुटली, तुम्ही सगळे रानात होता. मी ब्लेडनं एका बाजूचे टाके उसवले.

आधी बराच वेळ नुसती खरखर. मग कोंबडी. मग तुझा श्वास, अगदी जवळ. आणि मग तू म्हणालीस, "पोरी, लिव."

अण्णांशी बोलायला बसलीस आणि तिथंही तू मलाच मध्ये घेतलंस. घरात चिटपाखरू नव्हतं, तरी तुला त्यांच्याशी सरळ बोलता आलं नाही. "लिव. तुज्या अण्णास्नी म्हणावं, हितं समदी बरी हाईत. म्हस आज-उद्या व्यील." मग थांबलीस. "आनी म्हणावं, आमास्नी तिकडं घिऊन जावा. क्वार्टर मिळतंय म्हणं. त्या वरच्या गल्लीतली गेली न्हवं का नवऱ्यासंगट. येकच खोली आसली तरी चालंल. पोरीची शाळा तितं बी हुईल. हितं माणसं लई हाईत, पर मी बोलू कुणासंगं? येवढंच. कवा काय मागितलं न्हाय, ह्ये मागती म्हणावं." पुन्हा कोंबडी. मग तू विचारलंस, "लिवलंस काय?" आणि गप्प बसलीस. मी व्हय म्हणेन म्हणून वाट बघितल्यासारखी, टेप संपेपर्यंत.

मी ते ऐकून रडले असते तर बरं झालं असतं. मी घाबरले, आणि माझ्यापुरतीच घाबरले. त्या वर्षी शाळेच्या खोखोच्या संघात माझं नाव आलं होतं. बाहेरगावी सामने होते. अण्णांनी खरंच नेलं तर तो संघ जाणार, मैत्रिणी जाणार, कुठल्या तरी परमुलखात हिंदीतून शिकावं लागणार. म्हणून ठरवलं, सामने झाले की पाठवू. पुडकं परत शिवलं. माझे टाके वेडेवाकडे, कुणालाही कळतील असे. धान्याच्या पिंपामागं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात ते ठेवलं. संध्याकाळी तू विचारलंस, "टाकलंस न्हवं?" मी व्हय म्हणाले. पुढच्या बाजारच्या दिवशी तू माझ्यासाठी खव्याचा कुंदा आणलास, कागदात बांधून, लपवून. मागच्या दारी बसवून मला सगळा खायला लावलास. मी खाल्ला, आई. चव घेत खाल्ला.

संघात शेवटी मी राखीव होते. एकाही सामन्यात मैदानात उतरले नाही. परत आल्यावर कॅसेट पाठवायची, तर टाके उसवलेले दिसणार, अण्णा विचारणार, आज्जाला कळणार, असं करत दिवस गेले. पण तू वाट बघत होतीस. अण्णांची पुढची कॅसेट आली तेव्हा तू पहिल्यांदाच दारात न थांबता सोप्यात येऊन खाली बसलीस. तव्यावर भाकरी होती, तीही सोडून. नमस्कार झाले, पिकाचं झालं, माझा अभ्यास झाला. पुढं नुसती खरखर उरली तरी तू उठली नाहीस. चुलत्यांनी बटण दाबून बंद केलं. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला तेव्हा तू उठलीस. महिन्याभरानं मला म्हणालीस, "उत्तर आलं न्हाय म्हंजे बी उत्तरच की गं." त्याच वेळी सांगायला हवं होतं. डबा दहा पावलांवर होता.

त्यानंतर तू काही मागितलं नाहीस. मला कळायला लागल्यावर मी लक्ष ठेवून होते, तू खरंच कुणाकडं काही मागितलं नाहीस. पुढं कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला. अण्णांचा फोन असला की आज्जा धोतर सावरत पळायचा, आणि शेवटी तुझ्या हातात रिसीव्हर यायचा. तू तो कानाला लावून फक्त "व्हय" आणि "बरं" म्हणायचीस आणि माझ्या हातात द्यायचीस. मग अण्णा पेन्शनीत आले, आज्जा गेला, गॅस आला, मिक्सर आला, टीव्ही आला. मिक्सरशी तुझं लगेच जमलं. मोबाईलशी शेवटपर्यंत नाही. मी माहेरी आलेली असले आणि अण्णा बाजारात असले की तू फोन माझ्याच हातात द्यायचीस, "म्हणावं, कोथमीर आणा." आम्ही तुझी चेष्टा करायचो. मी सगळ्यात जास्त करायची.

तू जाऊन बारा वर्षं झाली. शेवटचा महिना मी तुझ्या उशाशी होते. जगभराचं बोललो, एवढं एक सोडून.

अण्णा आता माझ्याकडंच असतात. मोबाईल हातातून सुटत नाही. नातवंडांचे आवाज रेकॉर्ड होऊन येतात, ते पाच-पाच वेळा ऐकतात आणि स्वतःही बोलून पाठवतात, आज्जासारखंच ओरडून. मागच्या महिन्यात असंच एक ऐकून झाल्यावर मला म्हणाले, "तुज्या आईचा आवाज न्हाय बग आपल्याकडं. फोटो हाईत चिक्कार, पर आवाज न्हाय." मी भाजी निवडत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "कवा कायबी मागितलं न्हाय तिनं. क्वार्टर मिळत हुतं मला. येकदा जरी म्हणली आसती, तर नेलं आसतं. मला वाटलं, तिला हितंच ग्वाड वाटतंय." मी भाजी घेऊन आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

डबा माझ्या लग्नानंतर माझ्याबरोबर आला, हे तुला सांगायचं राहिलं. मी कॅसेट गावातल्या एका दुकानात नेली. जुन्या कॅसेटींवरचं मोबाईलमध्ये भरून देतात तिथं. फीत चिकटली होती, त्या माणसानं स्क्रू काढून ती दुसऱ्या कॅसेटमध्ये घातली. ऐकताना त्यानं विचारलं, "कोण हो ह्या?" म्हटलं, आई. "आनी बोलत्यात कुणासंगं?" माझ्याशी, म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण मला लाज वाटली.

आता तुझा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. कोंबडीसकट. अण्णा बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसलेत, त्यांचाही फोन मांडीवर आहे. पूर्वी या आवाजाला त्यांच्यापर्यंत पोचायला दोन आठवडे लागले असते, आता बोट टेकवलं की झालं. तीन वेळा मी फोनमध्ये त्यांचं नाव काढलं आणि तीन वेळा फोन पालथा ठेवला. अण्णांचं वय झालंय, त्यांना सोसणार नाही, असं मी स्वतःला सांगत असते. ते काही खरं नाही. पहिल्यांदा ते तुझा आवाज ऐकतील, मग कोणत्या सालचा म्हणून हिशेब लावतील, आणि मग मान वर करून माझ्याकडं बघतील. मला सोसणार नाही ते एवढंच.

रोज दुपारी दार लावून मी ते ऐकते. शेवटी तू विचारतेस, "लिवलंस काय?" आणि गप्प बसतेस.

व्हय आई, लिवलं. या वेळी काही गाळलं न्हाय. पर पाठवलं न्हाय अजून.