ट्रक आता मी चालवते

हॉकर,
८ जून १९८९

प्रिय नेव्ह,

तू बरा असशील. गुडघा या जूनच्या थंडीत फार छळत नसेल आणि परसातल्या लिंबाने यंदा तरी तुझी लाज राखली असेल. आम्ही दोघं मजेत आहोत. पाकिटावर माझं अक्षर बघून उघडावं की चुलीत टाकावं, असं तुला क्षणभर वाटलं असेल. उघडलंस, बरं वाटलं.

बातमी अशी की आम्ही निघालो. खरंच निघालो. क्वॉर्नच्या घराला कुलूप लावलं, कोंबड्या शेजारी दिल्या आणि ट्रकमागे सोळा फुटी कॅरव्हॅन जोडली. आत दोन बिछाने आहेत, गॅसची शेगडी आहे, आणि एक कपाट आहे जे डावीकडच्या प्रत्येक वळणावर आपोआप उघडतं. कालपासून साखर तीनदा भरली. लायलच्या डोक्यात गेली वीस वर्षं एकच गोष्ट होती, की तुम्ही दोघं ज्या रस्त्याने गुरांचे ट्रक न्यायचात तो रस्ता मला दाखवायचा. मारीपासून वर, उडनाडाटापर्यंत. मी तो फक्त तुमच्या बुटांवरच्या लाल धुळीत पाहिलेला.

ट्रक मी चालवते. हसू नकोस. लायल शेजारी बसतो आणि रस्ता सांगतो. "आता चढ येईल, मग पूल, पुलानंतर खड्डा, डाव्या बाजूने घे." खड्डा तिथे असतोच. एके ठिकाणी मात्र रस्ता आठ वर्षांपूर्वी हलवलाय, तिथे तो सांगत होता पूल आणि समोर होतं मेंढ्यांचं कुंपण. तासभर रुसून बसला. म्हणे, विचारल्याशिवाय रस्ते हलवणाऱ्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे.

पुढे जाणं सोपं आहे. मागे घेणं म्हणजे शिक्षा आहे. इथल्या कॅरव्हॅनच्या तळावर आम्हाला दोन झाडांमधली जागा मिळाली. मी कॅरव्हॅन डावीकडे न्यायला बघितली की ती उजवीकडे जाते. आठव्या खेपेला शेजारचे लोक खुर्च्या घेऊन बाहेर आले. बाराव्या खेपेला एकाने चहा केला. लायल बाहेर उभा राहून कानाने ऐकत होता. शेवटी खिडकीशी आला आणि म्हणाला, "हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर. हात जिकडे नेशील तिकडे ती जाईल. आणि तिच्याकडे बघून चिडू नकोस, तिला कळतं." मी तसं केलं, आणि ती लोण्यात सुरी जावी तशी दोन झाडांमध्ये शिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेव्ह, लग्नातसुद्धा माझ्यासाठी इतक्या टाळ्या वाजल्या नव्हत्या. साठाव्या वर्षी मला हे यायला लागलं याचा मला इतका आनंद झालाय की काल उगाचच एकदा बाहेर काढून पुन्हा आत घेतली.

लायलची तब्येत उत्तम. भूक उत्तम. बाकी या वयात जे असायचं ते असतं.

त्याला या पत्राचं माहीत नाही. तीन वर्षांत आमच्या घरात तुझं नाव निघालेलं नाही, आणि ते कोणामुळे निघत नाही हे तुलाही ठाऊक आहे. मी कागद काढला होता तो दुसरंच काही लिहायला. पण लायल न्हाऊन येतोय, पाण्याचा आवाज थांबलाय. पुन्हा लिहीन. हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

तुझी,
डल्सी


विल्यम क्रीक,
१८ जून १९८९

प्रिय नेव्ह,

हे पत्र लांब होईल. चष्मा लावून बस.

मारीला पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. तुला सांगायला नको की तिथल्या मातीला पाऊस लागला म्हणजे काय होतं. पोलिसांनी फळी लावली, रस्ता बंद. आमच्यासारखे सात-आठ जण तळावर अडकले. चार दिवस. बूट इतके जड व्हायचे की माणूस चालण्याऐवजी स्वतःला उपटत पुढे जायचा. आणि तरी सांगते, इतके मजेचे चार दिवस मी फार वर्षांत काढले नव्हते. पत्र्याच्या छपराखाली एक शेकोटी सतत पेटलेली असायची. मी निखाऱ्यात रोज एक पाव भाजायचे, आणि तो थंड होईपर्यंत कोणी थांबायचं नाही.

तिथे एक मिस ट्रेगेन्झा होत्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच एक लहानशी कॅरव्हॅन ओढत फिरतात. आवाज असा की माणूस आपोआप सरळ बसतो.

आता तुला एक सांगायला हवं. लायलला दिसत नाही. तू पाहिलं होतंस तेव्हासारखं नुसतं कमी नाही, आता जवळजवळ काहीच नाही. कडेकडेने उजेड कळतो, समोर सगळं धुरकट. पण तो ते कोणाला कळू देत नाही. टोपी खाली ओढतो, काळा चष्मा लावतो, पावलं मोजतो. नळ एकतीस पावलं, शेकोटी सतरा. मी त्याचा हात धरून चालते, तर तळावरचे लोक आम्हाला म्हणायचे, काय हे, या वयातही एकमेकांना सोडवत नाही. लायल म्हणायचा, "तिलाच धीर निघत नाही." मीही हसायचे. दोन वर्षं असंच हसतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेकोटीपाशी त्याने किटली उचलली आणि चहा कपाच्या शेजारी ओतला. सगळा. बाकावरून खाली वाहून गेला. सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. मिस ट्रेगेन्झांनी नजर वळवली नाही. त्या म्हणाल्या, "मिस्टर हॅनफर्ड, तुम्हाला दिसत नाही ना?"

माझं पीठ हातातच राहिलं. मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि पाऊस थांबेपर्यंत कॅरव्हॅनमधून बाहेर येणार नाही.

लायलने रिकामा कप चाचपला. मग म्हणाला, "दिसत नाही हे खरं आहे. पण तुमचा चहा पाणचट आहे हे मला न बघता कळतं."

सगळे हसले. मिस ट्रेगेन्झा सगळ्यांत जास्त. त्यांनी किटली घेतली, कप त्याच्या हातात दिला आणि त्याच दुपारी त्याला पत्त्यांच्या डावात बसवलं. त्याची पानं त्या कानात वाचून दाखवायच्या आणि खेळायचा तो. दोघांनी मिळून अख्ख्या तळाला हरवलं. चष्मा काढून ठेवला, टोपी मागे सरकवली. दोन वर्षांनी मी त्याचं कपाळ उजेडात पाहिलं, नेव्ह. मला जाऊन त्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

पण त्या डावातच कोणीतरी विचारलं, गाडी चालवायचं कधी सोडलं? आणि लायल म्हणाला, "सोडलं नाही. सोडवलं. माझ्या रक्ताच्या माणसाने चोरून पत्र लिहिलं आणि माझा परवाना घालवला." हसत म्हणाला, पण पानं हातात घट्ट धरलेली होती.

मी तिथून उठले.

ते पत्र तू लिहिलं नव्हतंस. मी लिहिलं होतं.

क्वॉर्नच्या बेकरीसमोर एक बाई बाळाची गाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. लायलने वेग कमी केला नाही. मी शेजारी होते, मी स्टिअरिंग ओढलं, ट्रक फुटपाथवर चढला. तो माझ्यावर ओरडला की मोकळ्या रस्त्यावर हा काय वेडेपणा. त्याच्यासाठी रस्ता मोकळाच होता. मी त्याला सांगितलं, दोनदा सांगितलं, तो म्हणाला तू घाबरट आहेस. त्याच दुपारी मी परवाना कचेरीला पत्र लिहिलं आणि पेटीत टाकलं. नाव टाकलं, सही केली, आणि कृपा करून माझं नाव सांगू नका असंही लिहिलं.

त्याच आठवड्यात तू त्याला तोंडावर म्हणाला होतास, लायल, किल्ल्या खाली ठेव. मग परवाना रद्द झाल्याचा कागद आला तेव्हा त्याने दुसऱ्या कोणाचा विचारच केला नाही. तो रविवार तू विसरला नसशील. तू जेवायला आला होतास. त्याने कागद ताटापुढे आपटला. तू म्हणालास, मी नाही लिहिलं. पुन्हा म्हणालास. मग तू माझ्याकडे बघितलंस. मी बशा पुसत होते, आणि एकच बशी पुसत राहिले होते. तुला कळलं. मला दिसलं की तुला कळलं. तू टोपी उचललीस आणि गेलास.

तीन वर्षं तू एक शब्द बोलला नाहीस. मी रोज म्हणायचे, उद्या सांगते. त्याची नजर जात होती, मग म्हणायचे, आता एवढ्यात नको. नेव्ह, मला त्या पत्राचा पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. त्यानंतरच्या गप्प बसण्याचा आहे.

परवा सोळा तारखेला रस्ता उघडला. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही एरवी कोरड्या असणाऱ्या त्या मोठ्या मिठाच्या तळ्याच्या कडेला पोहोचलो. मी ट्रक थांबवला. तिथे पाणी आहे. खरं पाणी, क्षितिजापर्यंत.

"काय दिसतंय?" लायलने विचारलं.

मी सांगितलं. कडेला गुलाबी, आत आभाळाच्या रंगाचं, आणि पेलिकन इतके की दूरवर बर्फ पडल्यासारखं वाटावं. तो काच खाली करून ऐकत राहिला. मग म्हणाला, "एकवीस वर्षं इथून गेलो, नुसतं मीठ पाहिलं. नेव्ह म्हणायचा, एक दिवस पाणी येईल बघ."

तुझं नाव. त्याच्या तोंडून. त्याच्याही लक्षात आलं, कारण तो एकदम थांबला.

आणि मी सांगून टाकलं. सगळं, बाळाच्या गाडीसकट. हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत.

तो दार उघडून उतरला आणि चालू लागला. तिथे ना झाड ना कुंपण, धडपडायलासुद्धा काही नाही. मी मागे गेले नाही. नेव्ह, आयुष्यात मी केलेलं सगळ्यांत अवघड काम तेच असेल, कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून राहणं. दोनेकशे पावलांवर तो थांबला. वीस मिनिटं तरी पाठमोरा उभा होता.

मग हाक आली, "डल्सी, काहीतरी बोल. मला दिशा कळेना."

मी कपाटात काय काय आहे ते मोठ्याने म्हणायला लागले. पीठ, चहा, मटणाचे चार डबे, पीचचे दोन, लोणच्याची बाटली. तो त्या आवाजाच्या रोखाने चालत आला, आणि पीचपाशी पोहोचला तेव्हा माझ्याजवळ होता.

"किती जवळ होती ती बाई?" त्याने विचारलं.

"काचेतून हात काढला असता तर लागली असती."

"आणि बाळ?"

"झोपलेलं होतं."

तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "नेव्हला माहीत होतं?"

"त्या रविवारपासून."

"आणि गप्प बसला. गाढव." नेव्ह, तो शब्द त्याने असा उच्चारला की मला रडू आलं. तुम्ही दोघं ट्रकवर असताना तो तुला याच आवाजात गाढव म्हणायचा.

त्यानंतर दीड दिवस तो माझ्याशी बोलला नाही. रस्ताही सांगितला नाही. सगळे खड्डे मी माझे मी शोधले आणि बहुतेकांत पडले. काल संध्याकाळी इथे येऊन कॅरव्हॅन लावली, एका फटक्यात, टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, "तुझ्यावर चांगलं वर्षभर चिडायचा माझा विचार आहे. पण गाडी तू चालवतेस. चिडून मी जाणार कुठे?" आणि हसायला लागला. मग आम्ही दोघंही हसलो, पोट दुखेपर्यंत, आणि मधेच केव्हातरी तो माझा हात धरून म्हणाला, बरं झालं तू स्टिअरिंग ओढलंस. बस, एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

आज सकाळी त्याने विचारलं, नेव्हच्या गुडघ्याला बसचा प्रवास झेपेल का? म्हणून लिहिते. आम्ही इथून कूबर पेडीला जाऊन थांबतोय. पोर्ट ऑगस्टाहून तिथे बस येते. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक बसला आम्ही थांब्यावर असू. तिथून उडनाडाटापर्यंत तिघांनी जायचं, तुम्ही दोघांनी रस्त्यावरून भांडायचं आणि मी चालवायचं. ट्रकमध्ये पुढे तिघांची जागा आहे, तुला मधे बसावं लागेल. दुसरा बिछाना तुझा. आम्ही दोघं एकावर मावतो, मारीच्या लोकांना विचार.

तू माझ्यासाठी जे सोसलंस त्याला आभार हा शब्द पुरत नाही, म्हणून तो वापरत नाही. खाली लायलला स्वतः लिहायचंय. ओळी सरळ नसतील.

तुझी अपराधी, आणि तीन वर्षांनी आज हलकी झालेली,
डल्सी


नेव्ह,

तुला खोटारडा म्हणालो होतो. तू नव्हतास. जेवणावरून उठवलं, ती माझी चूक.

बसमधून उतरलास की मला तू दिसणार नाहीस. आधी हाक तूच मार.

तुझा भाऊ,
लायल