बाबांच्या अक्षरातल्या चार ओळी

४ जानेवारी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगतो आहे आणि शेजारचे मोजणीदार लिहीत आहेत. पेन टेबलावर आहे आणि मी खुर्चीत आहे, एवढंच कारण. (मधलं अंतर चार फूट तीन इंच. मोजणीदार.) निवृत्त झाल्यापासून त्यांना मोजायला जमीन उरलेली नाही, म्हणून ते आमचं घर मोजतात.

तब्येत उत्तम. गेल्या आठवड्यात घरात दोन सुधारणा केल्या. दाराची कडी काढायला दर वेळी उठावं लागायचं. खालच्या मजल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर राहतात, त्यांनी कडीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक माझ्या खुर्चीच्या हाताला आणून दिलं. मग लगे हात खुर्चीला चाकंही बसवली, म्हणजे खिडकीशी जायचं तर जमिनीला पाय रेटला की झालं. दोन्ही सुधारणा एकाच दिवशी झाल्या, ते चुकलं. संध्याकाळी समोरच्या सिस्टरबाई आल्या. मी दोरी ओढली, कडी निघाली, बाईंनी दार बाहेर खेचलं, आणि दाराबरोबर दोरी, दोरीबरोबर खुर्ची आणि खुर्चीबरोबर मी असे सगळे जिन्याच्या तोंडाशी गेलो. (घराच्या जमिनीला दाराकडे दीड इंचाचा उतार आहे. मी हे दोनदा लेखी कळवलं होतं. मोजणीदार.)

लागलं काही नाही. उलट महिन्याभरात पहिल्यांदाच जिन्यापर्यंत जाणं झालं. बाईंनी तिथेच नाडी पाहिली. नेहमीसारखीच होती.

सूनबाईस आशीर्वाद. लोभ आहेच, तो जागचं न हलता वाढवता येईल तेवढा वाढवावा.

तुझा,
बाबा (सांगणार)
मोजणीदार (लिहिणार)


१२ जानेवारी

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून तुमची सून खूप हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा. खुर्चीची चाकं काढायला सांगा. दोरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

इकडे सगळं ठीक. काल नव्या तुकडीचा लेथवर पहिला दिवस होता. पहिल्या दिवशी मी कुणालाही लोखंड कापू देत नाही, नुसतं यंत्र बंद करायला शिकवतो. चालू करणं कुणालाही जमतं. बंद करण्याच्या परीक्षेत तुम्ही पहिले आला असता, असं मी आज वर्गात म्हणालो. तुमचं नाव न घेता.

पुढचं पत्र तेवढं स्वतःच्या हाताने लिहा. मोजणीदारकाकांचं अक्षर नकाशासारखं सुबक आहे, पण त्यात तुम्ही सापडत नाही.

कळावे. पायांवर डोकं ठेवतो, म्हणजे तुम्हाला उठावं लागणार नाही.

आपला,
सोन्या


२३ जानेवारी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी समोरच्या दारातली सिस्टरबाई. पेशंटच्या सांगण्यावरून लिहीत आहे. मोजणीदार छत मोजायला गेले आहेत. नोकरी संपली तरी पस्तीस वर्षांची सवय जात नाही, म्हणून हा मजला मी वॉर्ड समजते. तुम्ही काळजी करू नये.

पेशंट शुद्धीवर आहे. ताप नाही. नाश्ता पूर्ण, जेवण पूर्ण, हालचाल नाही. उजव्या हाताने काही धरण्याची इच्छा दाखवत नाही. पेन दिलं असता, बघू, असं म्हणतो.

एक किरकोळ प्रकार घडला तो पेशंट कळवा म्हणतो. मी त्यांच्या दारावर ताप-नाडीचा तक्ता लावला होता. दूधवाल्याने तो वाचला आणि गल्लीत सांगितलं की वरचे आजोबा आता काही तासांचे सोबती. दुपारपर्यंत अकरा माणसं भेटून गेली. प्रत्येकाने फळं आणली. गैरसमज दूर करायचा तर उठून बसावं लागलं असतं, म्हणून पेशंटने डोळे मिटून घेतले. त्याने गैरसमज वाढला. पेंटर तर पाटीवर काय लिहायचं ते विचारायला आले होते. फळं चांगली निघाली.

पेशंटचे सूनबाईंना आशीर्वाद. आमच्या वॉर्डावर लोभ असू द्यावा.

सिस्टरबाई


३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

या खेपेला हसू आलं नाही. आमच्या कामशाळेत वेल्डिंग शिकवणारे माझे एक सहकारी आहेत. त्यांच्या वडिलांचा हात लकव्याने गेला होता, आणि तीन महिने त्यांनी ते लपवलं. कुणी विचारलं की कंटाळा आला म्हणायचे. सिस्टरबाईंचं पत्र वाचल्यापासून मला तेच आठवतं आहे. तुमच्या बाबतीत कंटाळ्यावर कुणीही विश्वास ठेवेल, हीच तर भीती.

म्हणून स्पष्ट लिहितो. वीस तारखेपर्यंत मला तुमच्या स्वतःच्या अक्षरातल्या चार ओळी मिळाल्या पाहिजेत. नाही मिळाल्या तर बावीसला मी गाडी घेऊन निघतो आणि तुम्हाला इकडे कायमचं घेऊन येतो. तळमजल्याची खोली रिकामी करून ठेवली आहे. शेजारी कुणी नाही, शांतता आहे. तुम्हाला ती आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या त्या मजल्याशिवाय तुमचा दिवस जाणार नाही हेही कळतं. पण माझा नाइलाज आहे.

बाबा, तुम्ही मला स्वतःच्या हाताने पत्र लिहिल्याचं आठवतच नाही. इथे शिकायला आलो तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. दुसऱ्याच महिन्यात लेथवर बोट कापलं, तेव्हा घरी परत येऊ का असं तुम्हाला पत्राने विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. त्या न आलेल्या उत्तराचा काय घ्यायचा तो अर्थ मी घेतला आणि राहिलो. ते आता उकरून काढत नाही. पण या खेपेला उत्तर आलं नाही तर मी अर्थ लावत बसणार नाही, गाडी काढेन.

कळावे. राग नसावा, असला तर तोही स्वतःच लिहून कळवावा.

आपला,
सोन्या


शनिवार

चि. सोन्या,
अ. आ. वि. वि.

पत्र वाचलं. बोट कसं आहे? टाके ओले करू नकोस.

जमत नसेल तर सरळ निघून ये. कुणी काही म्हणणार नाही, म्हटलं तर मी आहे. तुझ्या आईने कालच तुझी खाट उन्हात टाकली. एकटी ओढत होती, म्हणून मीही एक बाजू धरली. शिकायचं काय, ते इथेही होईल. तू गेल्यापासून घर उगाच मोठं झालं आहे. आई बोलत नाही, पण ताटं तीनच घेते.

लिहीत बसू नकोस. ये.

तुझा,
बाबा


१७ फेब्रुवारी

मोजणीदारकाकांस,
सा. न. वि. वि.

सोबत बाबांचं कालच आलेलं पत्र पाठवतो आहे. अक्षर त्यांचंच आहे, त्यात शंका नाही. लहानपणी माझ्या वह्यांवर पाहिलेलं तेच वळण, शब्द संपला तरी पुढे पळणारी रेघ. पण आईला जाऊन अकरा वर्षं झाली, काका. आणि माझं बोट बरं होऊन तेहेतीस.

मी मागच्या पत्रात त्या जुन्या गोष्टीचा उल्लेख केला होता. त्याने बाबांचं मन तिकडेच जाऊन बसलं, असं मला वाटतं. त्यांना मी सोळा वर्षांचा दिसतो आहे, आणि आई घरात आहे. हाताची काळजी करत होतो आणि गेलं ते वेगळंच. सकाळी देवापुढे बसलो, पण काय मागावं ते सुचेना. ते तिथे सुखात असतील तर त्यांना परत आणा, असं तरी कसं मागू?

बावीसला गाडी ठरवली आहे. खरी परिस्थिती काय आहे ते त्याआधी कळवाल का? तुम्ही कधी अंदाजाने बोलत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो.

आपला नम्र,
सोन्या


२० फेब्रुवारी

चि. सोन्यास,
अ. आ. वि. वि.

हे पत्र तिकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ देत आहे, म्हणजे तू निघण्याआधी मिळेल. तुझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर आहे. चूक पेंटरची आहे, आणि ती पेंटरखेरीज कुणी केली नसती.

झालं ते असं. तुझी चार ओळींची अट मी त्यांना वाचून दाखवली. दोन दिवस त्यांनी विचार केला, तिसऱ्या दिवशी पेंटरना वर बोलावलं. पेंटर कुठलंही वळण हुबेहूब काढतात, हे तू ऐकून असशील. तुझे वडील त्यांना म्हणाले की टेबलाच्या खणात तळाला माझ्या अक्षराचा नमुना सापडेल, त्यावरून चार ओळी काढून द्या. खणाच्या तळाच्या वर्तमानपत्राखाली एक पाकीट निघालं. वर तुझा पत्ता, तिकीट चिकटवलेलं, तोंड उघडं. आत ते पत्र.

आता पेंटरचा धंद्याचा नियम असा की गिऱ्हाइकाने दिलेल्या मजकुरात आपलं डोकं चालवायचं नाही. एकदा त्यांनी एका न्हाव्याच्या पाटीवर आपल्या मनाने 'उत्तम' हा शब्द वाढवला होता, तेव्हा अख्खी पाटी पुसावी लागली. त्यामुळे नमुना हाच मजकूर असं धरून त्यांनी पत्र जसंच्या तसं उतरवलं. ओळी चारपेक्षा जास्त भरल्या म्हणून ते खूशही होते. तुझ्या वडिलांचा चष्मा खिडकीत होता. त्यांनी कागद लांबून पाहिला, झकास म्हणाले, आणि सिस्टरबाईंनी तो टपालात टाकला.

काल तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग तू सोबत पाठवलेलं ते दुसरंही. ते खुर्चीतून उठले आणि स्वतः टेबलापर्यंत जाऊन खणातलं मूळ पत्र काढून घेतलं. मी अंतर मोजलं नाही. मोजायचं सुचलं नाही.

सिस्टरबाईंनी त्यांचा उजवा हात तपासला. मनगट दाबायला सांगितलं, तर बाईंच्या मनगटावर वळ उठला. निदान त्यांनी तक्त्यावर लिहिलं आहे: आळस, जुना.

त्यांना नेऊ नकोस, असं सांगायचा आम्हाला अधिकार नाही. पण पेंटर कालपासून पाट्या करत नाहीत, आणि सिस्टरबाईंनी माझाच दोनदा ताप पाहिला. लोभ असावा. त्याचं माप सांगता येत नाही.

तुझा,
मोजणीदारकाका


२ मार्च

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गाडी रद्द केली. मोजणीदारकाकांचं पत्र आलं आणि पहिल्यांदा हायसं वाटलं. तुम्ही नुसते आळशी आहात, हे वाचून मी देवाचे आभार मानले. असे आभार त्याला क्वचितच ऐकायला मिळत असतील.

मग ते पत्र पुन्हा वाचलं. पेंटरनी काढलेलं असलं तरी ते तुमचंच आहे, हे आता कळतं. ते वेळेवर आलं असतं तर मी त्याच रात्री ट्रंक भरली असती. लेथ शिकलो नसतो, इथे शिकवायला राहिलो नसतो, तुमची सून मला भेटली नसती. माझ्याकडे आज जे काही आहे ते तुम्ही पत्र टाकलं नाहीत म्हणून आहे. सूनबाई म्हणते की तुमच्या आळसाला एक हार घालायला हवा.

मी रागावलेलो नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. तेहेतीस वर्षं मी असं धरून चाललो होतो की मी परत यावं असं तुम्हाला वाटलं नाही. त्यावर मी माणूस म्हणून उभा राहिलो, हे खरं. पण पाया चुकीचा निघाला. आता बांधकाम पाडता येत नाही. नुसतं बघत बसलो आहे.

तुम्ही तिथेच राहा. सुट्टीत मी येईन, न्यायला नाही. मात्र चार ओळींची अट मी मागे घेतलेली नाही.

पायांवर डोकं.

आपला,
सोन्या


११ मार्च

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे अक्षर माझं आहे. पेंटर म्हणतात की त्यांचं जास्त माझ्यासारखं होतं.

पत्र लिहिलं तो शनिवार होता. रविवारी पेटी उघडत नाहीत म्हणून सोमवारी टाकू म्हटलं. सोमवारी तुझ्या आईने विचारलं, टाकलं का. मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर तिच्या देखत टाकायला जाता येईना. ती पंधरा दिवस बसच्या वेळेला खिडकीत उभी राहिली. मग तुझं दुसरं पत्र आलं, की आता बरं चाललं आहे, जमतं आहे. ती म्हणाली, बरं झालं, पोराने हिंमत धरली. मी पाकीट खणात ठेवलं. फाडलं नाही.

तुझ्या आईला हे कधीच कळलं नाही. तुला कळलं. हाराचं सूनबाईला सांग, की नको.

सुट्टीत ये. लोभ ठेव. मागण्यासारखं मी काही केलेलं नाही, तरी ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. हे पत्र मी स्वतः टाकणार आहे. काल मोजणीदारांना घेऊन पेटी बघून आलो. मध्ये दोनदा बसलो. पेटी तीच आहे, रंग नवा. आपल्या दारापासून एकशे अठरा पावलं. तेव्हाही तेवढीच असणार.